रश्शाची दुसरी वाटी

पुरिताने बाचोयच्या दुकानातल्या तिसऱ्या टेबलाची खुर्ची ओढली, बसून पाहिलं, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि उठून पाचव्या टेबलाशी जाऊन बसली. इथून खिडकीजवळचं टेबल नीट दिसत होतं. तिथे जो माणूस येऊन बसणार होता त्याचा चेहरा दिसला असता, आणि त्याच्यासमोर बसणाऱ्या ग्लोरिफेचे हात. पुरिताच्या मते पहिल्या भेटीत पाहण्यासारख्या गोष्टी दोनच. पुरुषाचा चेहरा आणि आपल्या मुलीचे हात.

ग्लोरिफे दारातून आत आली आणि थेट तिच्याकडे बघून हसली.

"माझ्याकडे काय बघतेस? आपली ओळख नाही," पुरिता हातपंख्याआडून पुटपुटली. "खिडकीशी बस. पर्स मांडीवर ठेव. आणि ओठ चावू नकोस, सगळा रंग खाऊन टाकशील."

"मानांग, मला भीती वाटतेय."

"बाचोय खाल्लंस की जाईल. चल, सरक."

नियम पुरिताचे होते; मुली तिला मानांग, म्हणजे थोरली ताई, म्हणत. इलोइलो शहराच्या मोलो भागात तिचं पार्लर तीस वर्षं चाललेलं. आसपासच्या ट्रान्स बायकांपैकी निम्म्या तिथे केस कापून घ्यायला येत आणि उरलेल्या निम्म्या रडायला. तिच्या तरुणपणी पुरुष पार्लरच्या मागच्या दाराने येत. आता ते फोनमधून येत होते. दार बदललंय, माणसं बदललीत का ते बघावं लागतं, असं ती म्हणे. म्हणून फोनवरच्या माणसाला पहिल्यांदा भेटायचं ते भर दिवसा, भर गर्दीत. काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही. आणि शेजारच्या टेबलावर आपल्यातलीच एक जण अनोळखी होऊन बसायची. पूर्वी मुलीला भेटायला कोणी आलं की घरातली एखादी मावशी विणकाम घेऊन कोपऱ्यात बसायची, तसंच हे. ज्या मुलींच्या घरच्यांनी मावशी पाठवायचं नाकारलं होतं, त्यांची मावशी पुरिता होती.

खूणही तिनेच ठरवलेली. बाचोयच्या दुकानात वाटीतला रस्सा संपत आला की वाढणारी बाई किटली घेऊन येते आणि परत रस्सा ओतते. शेवया आणि मांस एकदाच, रस्सा हवा तेवढा. इलोइलोत जन्मलेलं माणूस दुसऱ्यांदा रस्सा घेतल्याशिवाय उठत नाही, अंगात ताप असला तरी नाही. तेव्हा मुलीने किटलीला "नको" म्हटलं की समजायचं, काहीतरी बिनसलं. मग पुरिता उठणार, "अगंबाई, तू इथे कुठे!" म्हणत मुलीला मिठी मारणार आणि तिला घेऊन बाहेर पडणार. सात वर्षांत ही मिठी तिला चार वेळा मारावी लागली होती.

ग्लोरिफे अडतीस वर्षांची होती. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती साचे ओतायचं काम करायची, आणि तिच्या हातची कवळी अख्ख्या शहरात नावाजलेली होती. माणूस समोर आला की तिची नजर आधी त्याच्या दातांवर जाई. ट्रान्स स्त्रिया आणि त्यांना पसंत करणारे पुरुष यांची गाठ घालून देणाऱ्या एका संकेतस्थळावर तिने वर्षभरापूर्वी नाव नोंदवलं, तेव्हा स्वतःबद्दल दोनच वाक्यं लिहिली होती: "मी ट्रान्स आहे, ते लपवत नाही. ज्याला मला लपवायचं आहे त्याने लिहू नये."

तरीही लिहिणारे लिहितच होते. तिसऱ्या ओळीत कपड्यांच्या आतलं विचारणारे, "कोणाला सांगू नकोस हं" असं पहिल्याच ओळीत सांगणारे. अशात सात महिन्यांपूर्वी गिमारास बेटावरच्या एलिसेओ नावाच्या माणसाने लिहिलं, "आज दिवसभर काय केलंस?" तिने वैतागून उत्तर दिलं, "चौदा दाढा ओतल्या." त्यावर त्याने विचारलं, "कशा ओततात?" पुढचा आठवडाभर दोघं फक्त प्लास्टरबद्दल बोलत होते.

तो आंब्याच्या बागेत कामाला होता. झाडावरच्या एकेका आंब्याला जुन्या वर्तमानपत्राची पिशवी बांधायची, माशीने डंख मारू नये म्हणून. हजारो आंबे, हजारो पिशव्या. बांधताना तो कागद वाचायचा, त्यामुळे जगातल्या सगळ्या बातम्या त्याला दीड-दोन वर्षं उशिरा कळत आणि त्या तो मोठ्या गांभीर्याने तिला कळवायचा. ती हसून हसून बेजार व्हायची. फोनवर तो दिसायचा तेव्हा हसताना तोंडावर हात धरायचा. "हात काढ, मला काय ते कळलंय, वरची डावीकडची दाढ गेलीये," असं तिने सांगितलं, त्या दिवसापासून तो हात न धरता हसू लागला होता.

हे सगळं फोनवर. फोनवर तिच्याशी बेनितोही छान बोलायचा. बेनितोबरोबर तिची तीन वर्षं गेली, आणि त्या तीन वर्षांत दिवसाउजेडी त्याने तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. ओळखीचं कोणी भेटलं की ती त्याची लांबची चुलत बहीण व्हायची. तो गेल्यावर तिने पुरिताच्या आरशासमोर बसून शपथ घेतली होती की यापुढे चारचौघांत ओळख देणारा माणूस असला तर असेल, नाहीतर एकटीच बरी. आज एलिसेओ कसा निघतो ते कळणार होतं. भीती त्याचीच होती.

अकरा वाजून पाच मिनिटांनी एलिसेओ आत आला. केस पाण्याने चापून बसवलेले, निळ्या शर्टाला इस्त्री इतकी कडक की बाह्यांच्या घड्या चाकूसारख्या उभ्या. हात रिकामे. आत येता येता त्याने तिसऱ्या टेबलाकडे हात उंचावला, मग खिडकीपाशी येऊन उभा राहिला.

"आलो," तो म्हणाला.

"दिसतंय."

"तुम्ही..." तो थांबला. "तू फोनवर बुटकी वाटत होतीस."

ग्लोरिफेचे खांदे आपोआप खाली झुकले. तिच्या उंचीबद्दल आजवर लोकांनी नाना तऱ्हेचं ऐकवलं होतं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला वाटलं होतं, बोलताना वाकावं लागेल. माझी कंबर धरलीये, दोन दिवस झाडावर होतो. बरं झालं."

तिने खांदे वर घेतले. दोघंही हसले, आणि त्याने तोंडावर हात धरला नाही. पाचव्या टेबलावर पुरिताचा पंखा अर्ध्या क्षणासाठी थांबला आणि पुन्हा हलू लागला.

तेवढ्यात पंख्यासमोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. अंगाने बारीक, डोक्यावर उन्हाची मोठी टोपी आणि हातात जड पिशवी.

"इथे कोणी बसलंय का?"

शनिवारी अकराला या दुकानात एकट्याने टेबल अडवून बसणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. पुरिताने नाइलाजाने पाय आवरले. म्हातारी बसली, पिशवी पायांमध्ये धरली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि थेट खिडकीच्या टेबलाकडे बघू लागली. पुरिताही तिकडेच बघत होती. दोघींच्या वाट्या आल्या, वर कुरकुरीत चामडीचा चुरा, लसूण, मज्जेचा गोळा. दोघींनी चमचा न बघताच उचलला.

"गर्दी आहे," म्हातारी म्हणाली.

"हो ना."

"ती खिडकीतली उंच मुलगी जेवत का नाही?"

"जेवेल. आताशी तर बसली आहे."

"जेवणाला बसून न जेवणारी माणसं मला आवडत नाहीत."

"आणि तो समोरचा?" पुरिताला राहवलं नाही. "तो बघा. दर दोन मिनिटांनी मान वर करून इकडे बघतोय. असा बघणारा माणूस म्हणजे घरी बायको असणार, लिहून घ्या माझ्याकडून."

"बायको नाहीये त्याला."

"तुम्हाला काय ठाऊक?"

म्हातारीने रश्शात वाफवलेल्या तांदळाच्या पुतोचा तुकडा बुडवला, सावकाश खाल्ला. "शर्ट बघा. बाईने इस्त्री केली असती तर बाह्यांवर अशी घडी पाडली असती का?"

पुरिताने शर्ट पाहिला. मुद्दा बिनतोड होता आणि पुरिताला बिनतोड मुद्दे आवडत नसत.

"बरं, नसेल बायको. पण चोरटा आहे. गिमारासचा म्हणे, आणि रिकाम्या हाताने आलाय. एक आंबा नाही आणला!"

"तेच मी म्हणत होते!" म्हातारी एकदम तावातावाने म्हणाली आणि तिने जीभ चावली. मग खालच्या आवाजात पुटपुटली, "हल्लीची पद्धत असेल. पहिल्या दिवशी काही द्यायचं नाही अशी."

इलोइलोची माणसं भांडतानासुद्धा बाळाला झोपवत असल्यासारखी बोलतात, तेव्हा आजूबाजूच्यांना वाटलं असतं की दोघी जन्माच्या मैत्रिणी आहेत.

"ती मुलगी तुमच्या ओळखीची आहे का?" म्हातारीने विचारलं.

"छे! मी कशाला ओळखू?"

"स्वभावाला कशी वाटते?"

"सोनं आहे," पुरिता म्हणून गेली. "म्हणजे, दिसते तशी. चेहऱ्यावरून कळतं."

"चेहऱ्याचं काय सांगता! आमच्या शेजारच्या पोराला फोनवर एक भेटली होती. चेहरा बघून सगळं घर खूश. नंतर कळलं, तो फोटो शाम्पूच्या बाटलीवरचा."

"ही बाटलीवरची नाही," पुरिता ताठ बसत म्हणाली. "ही स्वतःच्या पायावर उभी आहे. दिसतंय ना?"

खिडकीजवळ मात्र बोलण्याची लय बिघडली होती. सुरुवातीला एलिसेओने दोन वर्षांपूर्वीच्या एका वादळाची बातमी सांगितली, ती हसली. तिने एका म्हाताऱ्या कर्णधाराच्या कवळीची गोष्ट सांगितली, तो हसला. पण मधेच त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे जायची, पाचव्या टेबलाकडे, आणि आवाज खाली उतरायचा. एकदा ती जरा मोठ्याने हसली तर त्याने चक्क मान खाली घातली.

ही नजर तिला पाठ होती. बेनितोची अशीच फिरायची. आधी दारावर, मग खिडकीवर, मग ओळखीच्या चेहऱ्यांवर. माणूस समोर बसलेला आणि नसलेला एकाच वेळी. तिने मागे वळून पाहिलं नाही. पुरिता तिथे होती, पण तो पुरिताला ओळखत नव्हता; म्हणजे मागे त्याच्या बेटावरचं कोणीतरी बसलेलं असणार. सात महिने, रोज दोन तास, आणि शेवटी हेच. तिला राग आला, त्याच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त, कारण काल रात्री तिने ड्रेस तीनदा बदलून पाहिला होता.

"कोणी ओळखीचं आहे का?" तिने विचारलं.

"अं? नाही. म्हणजे..." त्याचे कान लाल झाले. "तू खा ना."

किटली आली. वाढणारी बाई न विचारताच ओतायला वाकली, कारण इथे कोणी विचारत नाही.

"मला नको," ग्लोरिफे म्हणाली.

बाई वाकलेलीच राहिली. "काय नको?"

"रस्सा. नको मला."

"बरी आहेस ना गं?"

तिला खुणेची आठवणही नव्हती. तिला फक्त लवकर उठून जायचं होतं, एवढंच. पण पुरिताने ऐकलं. तिने पंखा मिटला, खुर्ची मागे सारली आणि सात वर्षांच्या सरावाने तीन ढांगांत खिडकी गाठली.

"अगंबाई! तू इथे कुठे!"

तिने ग्लोरिफेला उभं केलं, छातीशी धरलं आणि दाराकडे वळवलं. पण दाराच्या आणि त्यांच्या मध्ये टोपी हातात आणि पिशवी काखेत घेऊन ती म्हातारी येऊन ठाकली होती.

"अहो, सोडा तिला! जेवू द्या की पोरीला! अर्ध्या जेवणातून कुठे ओढून नेताय?"

"तुम्ही मध्ये पडू नका, आजीबाई."

"मी पडणारच! हा माझा मुलगा आहे!"

दुकानातले चमचे थांबले. एलिसेओ उठून उभा राहिला, आणि कडक इस्त्रीच्या शर्टातला तो चव्वेचाळीस वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा दिसू लागला.

"नानाय," तो कळवळून म्हणाला, "तू बोलणार नव्हतीस. बोटीत काय ठरलं होतं आपलं?"

"मी कुठे बोलले? हिने माझी सून पळवायला काढली म्हणून बोलले!"

आता दुकानात एकही माणूस जेवत नव्हता. ग्लोरिफेने पुरिताच्या मिठीतून मान बाहेर काढली.

"ही तुझी आई?"

"ओर्तेन्सिया तिचं नाव. मी तिला सांगितलं होतं की तुमच्यात नियम आहे, पहिली भेट बाहेर, चारचौघांत. तर म्हणाली, मग मीही चारचौघांतलीच एक. दुसऱ्या टेबलावर बसते, तुला ओळखणार नाही." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "आणि जाऊन बसली ती नेमकी यांच्यासमोर. तू मला पुरिता मानांगच्या पंख्याचं वर्णन केलं होतंस ना? आत आल्या आल्या मी पंखा ओळखला. दोघी एका टेबलावर! माझा घास उतरेना. म्हटलं, आता नानाय काय बोलेल आणि ह्या काय ऐकतील."

"मला वाटलं..." ग्लोरिफेला वाक्य पुरं करता आलं नाही. मग तिने केलं. "मला वाटलं, गावचं कोणी बघेल म्हणून तू तोंड लपवतोयस."

एलिसेओला ते समजायला वेळ लागला.

"गावचं? ते बघ ना, तिसऱ्या टेबलावर आमच्या बागेतले दोघं बसलेत. आत येताना मी हात नाही का केला त्यांना?"

तिसऱ्या टेबलावरच्या दोघांनी चमचे वर करून ओळख दिली. त्यातला एक म्हणाला, "काल दिवसभर हा झाडावरून एकच विचारत होता, निळा घालू की पांढरा. आमचे कान किटले हो ताई."

पुरिताने मिठी सोडली. तिने ओर्तेन्सियाकडे पाहिलं, ओर्तेन्सियाने तिच्याकडे.

"बायको असणार म्हणे घरी," ओर्तेन्सिया म्हणाली.

"बाटलीवरची म्हणे," पुरिता म्हणाली.

चौघं एका टेबलावर बसली. किटली परत आली आणि ग्लोरिफेने दोनदा रस्सा घेतला. ओर्तेन्सिया तिच्याकडे टक लावून बघत होती, दुकानातली भाजी पारखावी तशी, आणि ते लपवायचा तिने जराही प्रयत्न केला नाही. शेवटी ती बोलली.

"तुला खरं सांगते, इंदाय, पोरी. ह्याने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं की ती ट्रान्स आहे. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, आमच्या चर्चच्या उत्सवाला फुलांची सजावट वर्षानुवर्षं कोण करतं ते मला ठाऊक आहे. पण उत्सवात असणं वेगळं आणि आपल्या घरात येणं वेगळं. दोन दिवस मी ह्याच्याशी बोलले नाही."

"नानाय," एलिसेओ म्हणाला.

"बोलू दे मला. तिसऱ्या दिवशी जेवण घेऊन बागेत गेले. हा शिडीवर, आंब्याला कागद बांधत होता, आणि एकटाच हसत होता. चव्वेचाळीस वर्षांचा झाला, याला एकट्याने हसताना मी पाहिलं नव्हतं. तशीच खाली उभी राहिले. म्हटलं, जिने हे केलं तिला मी बघून तर येते."

ग्लोरिफेने पुतोची बशी म्हातारीपुढे सरकवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिने ते पुसलंही नाही. पुरिताने मात्र पंखा उघडून चेहऱ्यासमोर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"पुढच्या रविवारी घरी ये जेवायला," ओर्तेन्सिया म्हणाली.

"दुसरी भेटही चारचौघांतच," पुरिता पंख्याआडून म्हणाली. "नियम आहे."

"आमच्या घरी रविवारी चारचौघं कुठली, चाळीस जण असतात. तुम्हीही या. एकेचाळीस."

"मग मी शेजारच्या टेबलावर बसेन."

"आमच्याकडे एकच टेबल आहे."

पुरिताला हाही मुद्दा खोडता आला नाही. म्हातारीच्या त्या जड पिशवीत आंबे निघाले, आणि ती कोणाला द्यायची यावर तिचा आणि ओर्तेन्सियाचा पाच मिनिटं वाद झाला. पहिल्या भेटीत काही घ्यायचं नाही म्हणजे नाही, असं पुरिताचं म्हणणं. ओर्तेन्सियाचं म्हणणं असं की ती मुलीला काही देतच नाहीये, ती पुरिताला देतेय, आणि त्या दोघींची ही भेट ठरवलेली नव्हती. पिशवी पुरिताने घेतली.

गिमारासची बोट जिथून सुटते तो धक्का दहा मिनिटांवर होता; मायलेकांना पोचवायला चौघंही निघाली. दुपारच्या उन्हात बाजार नुसता पेटला होता. दोघी म्हाताऱ्या एका छत्रीखाली पुढे निघाल्या आणि छत्री कोणी धरायची यावर त्यांचं नवं भांडण सुरू झालं. मागून एलिसेओ आणि ग्लोरिफे. तो बोलत होता, एका झाडाबद्दल, ज्याला या वर्षी नेमका एका फांदीलाच मोहोर आला होता. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की हुंकार येत नाहीये.

त्याने वळून पाहिलं. ग्लोरिफे मागे होती. फार नाही, तीन पावलं. तो थांबला तशी तीही थांबली आणि बाजूच्या दुकानातले झारे न्याहाळू लागली.

"झारा हवाय?" त्याने विचारलं.

"नाही. तू हो पुढे. येते मी."

तो पुढे झाला. दहा पावलांवर पुन्हा वळला. पुन्हा तीन पावलांचं अंतर, आणि आता ती प्लॅस्टिकच्या घमेल्यांकडे बघत होती.

"ग्लोरिफे, काय झालं?"

ती घमेल्याकडे बघतच राहिली. तिचं तिलाच आत्ता कळत होतं. बेनितोबरोबर रस्त्याने चालायचं ते असं. तो पुढे, ती तीन पावलं मागे. तो थांबला की आपण दुकानात बघायचं, तो निघाला की निघायचं. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, दोन वेगळी माणसं आहेत. तीन वर्षं ती अशी चालली होती. आणि आज कोणीही सांगितलेलं नसताना, एवढं सगळं झाल्यावर, तिचे पाय आपण होऊन मागे राहिले होते.

"पायांना सवय लागलीये," ती म्हणाली. तिला स्वतःचंच हसू येत होतं. "मला मागून चालायची सवय आहे. माझ्या लक्षातच नव्हतं."

एलिसेओने तिच्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. शेवटी तो तीन पावलं परत आला आणि तिच्याशेजारी घमेल्यांसमोर उभा राहिला.

"मग मीही मागून चालतो," तो म्हणाला. "घाई काय आहे? बोट अर्ध्या तासाने दुसरी असते."

ते निघाले. दोनदा ती मागे राहिली आणि दोनदा तोही थांबून परत आला, आपलंच काही विसरल्यासारखा. गोणी वाहणारे त्यांना चुकवून जात होते, शिव्या घालत होते. मासे विकणारी एक बाई हातातलं काम थांबवून हा प्रकार बघत बसली. अशा वेगाने ते बाजाराच्या टोकाला पोचले तेव्हा धक्का समोर होता, आणि बोटीत दाटीवाटीने बसलेली गिमारासची पंचवीस-तीस माणसं. काठावर ओर्तेन्सिया उभी होती. तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"एलिसेओ! अरे, लवकर आण तिला! सगळे थांबलेत, बघायचंय त्यांना!"

बोटीतले सगळे चेहरे एकदम इकडे वळले. ऊन डोक्यावर होतं आणि रस्त्यावर सावलीचा एक तुकडाही नव्हता. ग्लोरिफेने ड्रेस सारखा केला, ओठांवरून एकदा जीभ फिरवली. मग पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला ती एलिसेओच्या बरोबरीला होती. पुढची तिने मोजली नाहीत, आणि धक्क्याच्या पायऱ्यांपाशी मागून त्याचा आवाज आला.

"अगं, जरा सावकाश! माझी कंबर!"